आधी झडती, मग भाव

तुळशीराम पाटलांकडे कापूस घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याला आधी गाणं म्हणावं लागे. "शेटजी, आदी झडती म्हना, मंग भाव बोला," हे पाटलांचं पहिलं वाक्य. पाणीसुद्धा त्यानंतर.

झडती म्हणजे पोळ्याला तोरणाखाली बैल उभे करून आम्ही वऱ्हाडातली माणसं खड्या आवाजात म्हणतो ते गाणं. एकानं म्हणायचं आणि शेवटी साऱ्या गावानं 'हर हर महादेव' अशी आरोळी द्यायची. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे पातूरच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी बैलांची शिंगं चांदीनं मढवली, पुण्याकडचे गवई बोलावले आणि काही कळत नसताना माना डोलावल्या. पाटील मात्र म्हणत, "ज्या मुलखाले झडती नाई, त्याले आमचा कापूस काहून द्याचा?" मी गावचा भटजी आणि पाटलांचा शेजारी. त्यामुळे हा खेळ मला ओसरीवर बसून फुकट पाहायला मिळे.

एका मुंबईच्या शेटजीनं तर घाबरून मंगलाष्टकं म्हटली. ढवळ्या बैलाचं लग्न लागायचं तेवढं राहिलं. पाटील तोंड वाकडं करून म्हणाले, "ताल पाहा, ताल! झडती हाय का कन्हनं?" शेटजी गेले, कापूस राहिला. पाटलीणबाई मला म्हणत, "महाराज, घरात उंदरं सरकी खाऊन राहिले. तुमी तरी सांगा ना यायले!" गावानं पाटलांना वेड्यात काढलं होतं, आणि त्या कामात मी मागे नव्हतो.

ताल चुकला की पाटलांनी सख्ख्या भावालाही सोडलं नव्हतं. हा खेळ सुरू होण्याआधीच्या एका पोळ्याला धाकट्या किसननं स्वतः रचलेली झडती म्हटली:

"नाल्याले आला पूर, चुलीले आला धूर, बैलाले आला नूर, आन् आमचा ढवळ्या लंगडा!"

ढवळ्या खरंच लंगडत होता, पण झडतीत ते कसं चालावं? सगळ्यांआधी पाटीलच हसले. "जमत नाई तं तोंड काहून उघडतं?" हसण्याच्या भरात आरोळी कुणीच दिली नाही. किसन कापसाच्या गाड्यांबरोबर मुंबईकडे गेला, तो परतलाच नाही. पाटील त्याचं नाव काढत नसत. मला वाटे, विसरले.

मग एकदा पुण्याकडचा एक दलाल आला. झडतीचं फर्मान ऐकून त्यानं मान खाजवली आणि ओरडला, "नाल्याला आला पूर, चुलीला आला धूर, बैलाला आला नूर, आणि आमचा ढवळ्या लंगडा!"

मी हसायला तोंड उघडलं, पाटलांकडे पाहिलं आणि मिटलं.

"कुठी आयकली?" पाटलांनी विचारलं.

"खानदेशात. एक गाडीवान आहे, दर पोळ्याला म्हणतो. लोक हसतात, तरी म्हणतो."

"बरा हाय ना तो?"

"चांगला धडधाकट आहे."

पाटलांनी भाव विचारलाच नाही, कापसाच्या कोठीचं दार उघडून दिलं. इतक्या परमुलखी माणसांना त्यांनी कशासाठी गायला लावलं, ते मला तेव्हा कळलं, आणि माझ्या साऱ्या थट्टेची मला लाज वाटली.

"आता जासान तं त्याले सांगा," पाटील म्हणाले, "दादानं सांगतलं म्हना, ताल बराबर हाय."

मग त्या पोळ्याला राहून गेलेली आरोळी त्यांनी अंगणात एकट्यानंच दिली. 'हर हर'पर्यंत आवाज पोचला आणि फुटला. पुढचा 'महादेव' मी म्हटला.