सहा दाती यंत्र

कोणतंही यंत्र ज्या दिवशी घरी येतं त्या दिवशी नवं असतं, आणि ज्या दिवशी शेजाऱ्याकडे दुसरं येतं त्या दिवशी जुनं होतं. फुलसावंगीच्या क्रीडा मंडळाला हे सत्य गेल्या जूनमध्ये उमगलं, कारण महागावच्या मंडळात व्हिडिओ गेमचं नवं मॉडेल आलं. फुलसावंगीचं यंत्र चार वर्षांपूर्वी कबड्डीच्या सामन्यात पहिलं बक्षीस म्हणून मिळालेलं. तेव्हापासून ते मंडळाच्या खोलीत टीव्हीखाली बसून रोज चालत होतं. ते व्यवस्थित चालत होतं, हीच त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार होती.

"महागाववाल्यायनं नवा आणला, अन् आपून काय तोंड पाहत बसाचं?" असं मंडळाचे अध्यक्ष किसनराव म्हणाले. (किसनरावांनी स्वतः गेम कधी खेळलेला नव्हता, अध्यक्षाला त्याची गरज नसते.) तेव्हा गेमचं हार्डवेअर किती वर्षांनी बदलावं हे कायमचं ठरवून टाकण्यासाठी 'हार्डवेअर नूतनीकरण कालावधी निश्चिती समिती' नेमण्यात आली. समितीत तिघे होते. किसनराव पदसिद्ध. ऑनलाइन सेवा केंद्र चालवणारी मोनाली, जिला या विषयातलं कळत होतं, म्हणून तिला फक्त सदस्य केलं. आणि सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक सदाशिवराव, ज्यांनी चौतीस वर्षं बैलांचे दात मोजले होते, ते समितीचे अध्यक्ष.

सदाशिवरावांना या निवडीचा आनंद झाला, पण तो त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. कारण मंडळाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असे, आणि रोज दुपारी एक ते चार, पोरं शाळा-कॉलेजात असताना, ते तिथे 'यंत्राची देखभाल' करत. ही देखभाल म्हणजे फेब्रुवारीपासून सुरू असलेला एक कसोटी सामना होता. त्यात सदाशिवराव दोन हजार सहाशे चाळीस धावांवर नाबाद होते. (कसोटीला पाच दिवसांची मर्यादा असते, पण गेममध्ये ती बंद करता येते. नोकरीत ही सोय नव्हती.) या जुन्या यंत्रातल्या गोलंदाजांना एक गोष्ट कधीच कळली नव्हती, की गुडघा टेकून मागच्या बाजूला मारलेला फटका दर वेळी चौकार ठरतो. नव्या यंत्रातले गोलंदाज हुशार आहेत, असं महागावहून कळलं होतं. शिवाय जुनं यंत्र गेलं की त्यातली खेळीही जाणार होती.

खरं सांगायचं तर सदाशिवरावांचा त्या खेळीत जीव गुंतला होता. नोकरीत त्यांच्या अकरा बदल्या झाल्या. दर वेळी घर लागायचं, अंगणात पपईचं झाड फळाला यायचं आणि हातात बदलीचा कागद पडायचा. आयुष्यात पहिल्यांदाच ते एका जागी उभे होते आणि त्यांना कुणी हलवू शकत नव्हतं. ही गोष्ट फक्त त्यांच्या पत्नीला, विमलताईंना ठाऊक होती. संध्याकाळी भाकरी वाढताना त्या हळूच विचारायच्या, "काहून जी, आज कितीवर?" आणि आकडा ऐकून आणखी अर्धी भाकरी वाढायच्या.

समितीच्या अकरा बैठका झाल्या. त्यांत चहा अकरा वेळा मंजूर झाला, विषय एकदाही नाही. मोनालीने सांगितलं की कंपन्या साधारण सहा-सात वर्षांनी नवं यंत्र काढतात, मध्येच एखादं सुधारित काढतात, आणि आपल्याकडचे सगळे खेळ जुन्यावर चालतात तोवर बदलायची गरज नाही. हे फार सरळ असल्यामुळे इतिवृत्तात घेता आलं नाही. अखेर सदाशिवरावांनी शास्त्रीय तपासणीचा ठराव मांडला. बैलाचं वय दातांवरून कळतं: दोन दाती म्हणजे पोर, सहा दाती म्हणजे ऐन उमेद, सगळे दात जुळले की पुढे उतार. यंत्रालाही मागच्या बाजूला वायरी घालायची छिद्रं असतात. ती मोजली, सहा भरली.

"काका, बैल अन् गेम एकच आहे काय?" मोनालीने विचारलं.

"काम करताना दोघायलेही धाप लागते का नाही? मंग?" सदाशिवराव म्हणाले. मोनालीने यंत्राला कान लावून पाहिला, तर आतला पंखा खरंच घरघरत होता.

अहवाल तयार झाला. बैलाचा कार्यकाळ बारा वर्षं, यंत्र सावलीत बांधलेलं असल्याने अधिक दोन, एकूण चौदा. त्यातली चार गेली, उरली दहा. सबब, दहा वर्षं हार्डवेअर बदलू नये. सोबत प्रमाणपत्र जोडणं आवश्यक होतं. सदाशिवरावांनी पेन उचललं आणि चौतीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालला: "सदर नग सहा दाती असून अंगाने निकोप आहे. खोडी नाही. चाल चपळ, स्वभाव गरीब, लहान मुलांच्याही हाती चालतो. अजून बरेच हंगाम सहज काढेल." खाली सही. किसनरावांनी त्याचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो पुढे गेला.

सदाशिवराव एवढी एक गोष्ट विसरले. यवतमाळ जिल्ह्यात असं प्रमाणपत्र फक्त एकाच कामासाठी लिहिलं जातं. ज्याला जनावर ठेवायचं असतं तो कशाला लिहून घेईल? चौथ्या दिवशी दुपारी बाभुळगावहून बैलांचे जुने व्यापारी नेमसिंग पिकअप घेऊन मंडळाच्या दारात हजर झाले, आणि पिकअपमागोमाग किसनराव आणि मोनालीही आले. त्यांना आपल्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पोरांसाठी गेम ठेवायचा होता.

"विकाचा नाही," सदाशिवराव म्हणाले.

"साहेब, एवढं चांगलं तुमी लेहलं, अन् विकाचा नाही म्हणता?" नेमसिंग हसले. किसनराव तर खूशच झाले; जुनं घेणारा घरी चालून आला म्हणजे नव्याचा रस्ता मोकळा. "दाखवा ना जी," ते म्हणाले. "दाखवाले काय जाते?"

नेमसिंगांनी यंत्राला हात लावून पाहिलं, पाठीमागे जाऊन छिद्रं मोजली, मान हलवली. मग त्यांनी तेच केलं जे चाळीस वर्षं प्रत्येक बाजारात करत आले होते. "जनावर चालवून पाह्यल्याबिगर मी घेत नाही," म्हणाले, आणि कंट्रोलर उचलून जे बटण पहिलं अंगठ्याखाली आलं ते दाबलं. पडद्यावर सामना थांबला होता तिथूनच सुरू झाला. गोलंदाज धावत आला. सदाशिवराव "अहो" एवढंच म्हणाले. फलंदाजाने पुढे येऊन हवेत बॅट फिरवली आणि तिन्ही यष्ट्या गेल्या.

खोलीत सगळे पडद्याकडे पाहत राहिले. तिथे मोठ्या अक्षरांत सदाशिवरावांचं नाव आणि त्यापुढे आकडा होता. तो कुठून आला हे किसनरावांना कळेना. मोनालीला कळलं. तिने सदाशिवरावांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना पाण्याचा ग्लास दिला. नेमसिंगांनी कंट्रोलर खाली ठेवला. "राहू द्या साहेब, पाय अडखळते याचा," असं म्हणून ते रिकामी पिकअप घेऊन गेले. म्हणजे यंत्र वाचलं.

संध्याकाळी विमलताईंनी विचारलं, "काहून जी, आज कितीवर?"

सदाशिवरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "काई नाही. त्या मशीनमंधी आता दम नाही राह्यला. लय जुनी झाली ते." विमलताईंनी आणखी अर्धी भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी समितीचा सुधारित अहवाल सादर झाला. त्यातली दहा वर्षं खोडून तिथे 'तत्काळ' असं लिहिलं होतं. बाकी छिद्रं सहाच होती आणि पंख्याची घरघरही तेवढीच. अहवाल एकमताने मंजूर झाला. मोनालीने मात्र इतिवृत्तात एक ओळ नोंदवून घेतली, की यंत्र वर्षांनी जुनं होत नाही, आपण बाद झालो की होतं. किसनरावांना ती ओळ अशास्त्रीय वाटली. वाचकांनाही तसंच वाटत असेल, तर त्यांनी मागचा फोन नेमका कोणत्या दिवशी जुना झाला आणि त्या दिवशी त्यावरून केलेला कॉल कुणी उचलला नाही, एवढं आठवून समितीला कळवावं.