अख्ख्या दाण्याचा हिशेब

आमच्या शेजारचे ढवळे दारूच्या थेंबाला शिवत नाहीत, गुरुवारचा उपास करतात, आणि त्यांच्या गॅरेजमध्ये घरी केलेल्या बीअरच्या सत्तेचाळीस बाटल्या आहेत. अठ्ठेचाळीस होत्या. एक माझ्या मुलाला दिली. त्याने ती आजूबाजूला कोणी नाही असं बघून लॉनवर ओतली. तिथलं गवत अजून नीट आलेलं नाही.

मी फ्रिस्कोला मुलाकडे राहते. शिकले चौथीपर्यंत. पण बार्शीला नवऱ्याबरोबर एकतीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. नवरा गेल्यावर मुलाने गिरणी विकायला लावली आणि मला टेक्सासात आणून ठेवलं. सून चांगली आहे. दिवसातून चारदा म्हणते, "आई, तुम्ही आराम करा ना." आराम तरी माणसाने किती करायचा? कंटाळा आला की मी शेजारी ढवळ्यांकडे जाते. तिथे काही ना काही बिघडलेलं असतंच.

ढवळे मूळचे नागपूरचे. इंजिनिअर होते, आता रिटायर झालेत. बायको चार वर्षांपूर्वी गेली. त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे: "सरळ हिशेब आहे, मावशी." हे वाक्य आलं की आपण समजायचं, आता काहीतरी वाकडं ऐकायला मिळणार.

पेट्रोल भरायला ते पहाटे जातात. थंड पेट्रोल दाट असतं म्हणे, म्हणजे तेवढ्याच पैशात जास्त येतं. सरळ हिशेब. एकदा डॉलरला चार जुड्या कोथिंबीर मिळते म्हणून बारा मैल गाडी हाकत गेले आणि वीस जुड्या घेऊन आले. आमच्याकडे आठवडाभर कोथिंबिरीची वडी, कोथिंबिरीची चटणी आणि कोथिंबिरीचे पराठे. माझा नातू म्हणाला, "आजी, एव्हरीथिंग इज ग्रीन." गाडीत त्यांचा स्वयंपाकघरातला वजनकाटा कायम असतो. दुकानातल्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही.

गेल्या सप्टेंबरात मला म्हणाले, "मावशी, बीअर विकत घेणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा आहे."

"तुम्ही कुठे घेता?"

"नाही घेत ना! पण घेतली असती तर?"

न घेतलेल्या बीअरवर पैसे वाचवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मी विचारलं, "आणि पिणार कोण?"

"रोहन येतो आहे ना थँक्सगिव्हिंगला."

रोहन म्हणजे त्यांचा मुलगा. एकुलता एक, एकतीस वर्षांचा, डेन्व्हरला असतो. दर रविवारी फोन करतो, दहा मिनिटं. दोन वर्षांत घरी आलेला नव्हता. तो तिकडे मित्रांबरोबर घरीच बीअर बनवतो, हे ढवळ्यांना फोनवर कळलं होतं.

"आल्यावर इथंच गॅरेजमध्ये करू म्हणतो. तो आणि मी," ढवळे म्हणाले. "पण त्याआधी मला ती करता यायला तर पाहिजे ना, बाप्पा."

बीअरला माल्ट लागतं. म्हणजे बार्लीला मोड आणून वाळवलेलं धान्य. आपण लेकरांना नाचणीचं सत्त्व करतो, त्याच जातीचं काम. हे माल्ट दुकानात भरडून मिळतं. दुकानदार फुकट भरडून देतो. पण अख्ख्या धान्याचं पोतं स्वस्त पडतं, म्हणून ढवळ्यांनी पन्नास पौंडांचं पोतंच आणलं. आणि दळायला? पुण्याला परत निघालेल्या एका कुटुंबाकडून त्यांनी घरगुती चक्की उचलली होती, वीस डॉलरला. गव्हाचं पीठ करायची.

दुसऱ्या दिवशी हाक आली, "मावशी, जरा येता का?"

गॅरेजमध्ये मोठं पातेलं होतं, त्याला खाली तोटी. तोटीखाली बादली आणि बादलीपुढे ढवळे, उकिडवे बसलेले. तोटीतून काहीही येत नव्हतं. मी झाकण काढून पळी फिरवली. पळी उभी राहिली.

"ढवळे, ही बीअर नाही. ही पोस्टरं चिकटवायची खळ आहे."

"पण मी अगदी बारीक दळलंय! बारीक दळलं की अर्क जास्त उतरतो. सरळ हिशेब आहे."

मी उरलेलं दळण चिमटीत घेऊन चोळलं. मैदा. गिरणीवर कोणी असं दळून ठेवलं असतं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं. म्हटलं, "अहो, पीठ पाण्यात पडलं की लगदा होणार. दाणा नुसता फुटायला हवा आणि साल अख्खी राहायला हवी. तीच साल खाली बसते आणि पाणी गाळते. तुम्ही गाळणीच दळून टाकलीत. लापशीला करतो तशी भरड काढायची."

ढवळ्यांनी हे वहीत लिहून घेतलं. इंजिनिअर माणूस, मी सांगितलेलं लिहून घेतोय. बार्शीत कोणी बघायला हवं होतं.

मग खरेदी सुरू झाली. दोन लोखंडी रुळांचं भरडायचं यंत्र आलं, हँडलने फिरवायचं. हँडलने वेळ लागतो म्हणून ते फिरवायला ड्रिल आलं. धान्याला हवा लागू नये म्हणून घट्ट झाकणांच्या बादल्या आल्या. पैसे वाचवायचे म्हणून रोज एक खोका दारात. दोन रुळांमध्ये फट किती ठेवायची, ते मी सांगितलं. पहिली भरड मी चिमटीत घेतली तेव्हा ढवळे शाळेतल्या पोरासारखे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"जमली," मी म्हटलं. त्या आनंदात त्यांनी होणाऱ्या बीअरची पहिली बाटली मला देऊ केली. मी चहा मागितला.

ऑक्टोबरात सरावाची पहिली बीअर झाली. त्याच त्या अठ्ठेचाळीस बाटल्या. ढवळ्यांनी बाटली उघडली, नाकाशी धरली आणि डोळे मिटून म्हणाले, "उत्तम." न पिता. तीच बाटली मग माझ्या मुलाच्या हातात दिली. पिऊन काय ते आमच्या लॉनला माहीत.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी चार दिवस रोहनचा फोन आला. ऑफिसचं काम निघालं, तिकीट कॅन्सल केलं. ढवळे म्हणाले, "काही नाही, ख्रिसमसला येईल." ख्रिसमसला मित्रांबरोबर बर्फात घसरायला जायचं ठरलं होतं. ढवळे म्हणाले, "बरोबर आहे. बर्फ काय थांबणार आहे?" मग गॅरेजमध्ये जाऊन त्यांनी बादलीचं झाकण उघडलं, एक दाणा तोंडात टाकून कुडुम् करून फोडला आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं.

मला हे बघवेना. दया वगैरे काही नाही, मला उधळपट्टी बघवत नाही. जानेवारीत मी विजेच्या बिलाच्या रिकाम्या पाकिटावर आकडे मांडले. यंत्र, ड्रिल, बादल्या, वाया गेलेली खळ, एकीकडे. पोत्यामुळे एका वेळेला वाचतात ते आठ डॉलर, दुसरीकडे. पाकीट घेऊन सरळ त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"बघा. पस्तीस वेळा बीअर केलीत तर खर्च फिटेल. तुम्ही वर्षातून दोनदा करणार. म्हणजे ब्याऐंशीव्या वर्षी तुमचा पहिला डॉलर वाचेल. दुकानदार फुकट भरडून देतोय ते घ्या आणि हे लोखंड विकून टाका."

ढवळ्यांनी पाकीट नीट वाचलं. एका ठिकाणी माझी बेरीज चुकली होती, ती पेनने सुधारली. तोटा चार डॉलरनी वाढला.

"हिशेब बरोबर आहे, मावशी," ते म्हणाले.

"मग?"

"भरडलेलं माल्ट महिनाभरात मऊ पडतं. वास उतरतो त्याचा." पेनला टोपण लावत म्हणाले, "अख्खा दाणा वर्षभर थांबतो."

मी खुर्ची ओढून बसले. ते सांगायला लागले.

"त्याने पहिल्यांदा बीअर केली ती इथंच. कॉलेज नुकतं संपलं होतं. महिनाभर रोज बीअर आंबत ठेवलेल्या बरणीला कान लावून बसायचा, बुडबुडे ऐकत. मी ऑफिसातून आलो आणि सगळी गॅरेजमधल्या सिंकमध्ये ओतली. आमच्या घरात हे चालणार नाही म्हटलं. तो तिथं उभा होता, मावशी. रिकामी बरणी धुऊन ठेवली त्याने. त्याची आई तेव्हा मधे पडायची. आता मधे कोणी नाही."

मला रडारड जमत नाही. मी म्हटलं, "चहा टाका. आणि साखर मोजून नको, नीट घाला." पाकीट उचललं आणि पर्समध्ये टाकलं.

एप्रिलमध्ये रोहनचं डॅलसला ऑफिसचं काही काम निघालं. दोन दिवस जास्त राहतो म्हणाला. ढवळ्यांनी गॅरेज पाण्याने धुतलं. एकदा नाही, तीनदा. मला सकाळी नऊलाच बोलावून घेतलं. म्हणाले, "भरड बघायला कोणीतरी जाणतं पाहिजे." खरं म्हणजे एकटं उभं राहायची भीती वाटत होती.

रोहन उंच आहे, बापासारखंच नाक. हात खिशात घालून गॅरेजच्या दारात उभा राहिला. सिंककडे एकदा बघितलं. ढवळे यंत्रावर फडकं फिरवत होते, स्वच्छ यंत्रावर. शेवटी मी म्हटलं, "ए, पाहुण्यासारखा उभा राहू नकोस. बादली उघड."

त्याने उघडली. दाणा चावून बघितला. "वॉव. स्टिल क्रिस्प. बाबा, हे कधीचं आहे?"

"सप्टेंबरचं," ढवळे म्हणाले.

रोहनने महिने मोजले असावेत. दुसरा दाणा त्याने बराच वेळ चावला. मग बाह्या वर केल्या. "ओके. ड्रिल कुठाय? फाइव्ह मिनिट्सचं काम आहे."

"ड्रिल बिघडलंय," ढवळे म्हणाले. "हाताने करावं लागेल. पाऊण तास तरी जाईल."

ड्रिल कपड्याच्या साबणाच्या खोक्यामागे होतं. त्याची बॅटरी ढवळ्यांच्या पँटच्या खिशात होती, खिसा विटेसारखा फुगला होता. माझी नजर गेली तसे ते वळून उभे राहिले.

रोहन हँडल फिरवायला लागला, ढवळे वरून दाणे सोडायला लागले. जरा वेळाने रोहन हसला. "बाबा, सीरियसली, स्वतःची मिल कशाला? दुकानात फ्री करून देतात यार."

"पैसे वाचतात. सरळ हिशेब आहे."

"नो वे." त्याने माझ्याकडे बघितलं. "आजी, तुम्ही सांगा. तुमची गिरणी होती ना? खरंच वाचतात?"

ढवळे दाणे सोडायचे थांबले. पाकीट माझ्या पर्समध्येच होतं, आणि पर्स माझ्या मांडीवर. एकतीस वर्षं गिरणीवर बसले, पावशेराचा खोटा हिशेब कधी कोणाला सांगितला नाही.

"वाचतात," मी म्हटलं. "तू बोलू नकोस, हँडल फिरव. आणि हळू. घाई केलीस की पीठ होतं."