राराची लीद

रारा लीद टाकेना. उंबू लांगा सकाळपासून तिच्या शेपटीमागे केळीचे पान धरून उभा होता, आणि ती मान वळवून म्हाताऱ्याच्या डोक्याची काळजी करीत होती.

लांगाच्या मुलाचे, मारांबाचे, लग्न मामाच्या मुलीशी, इपूशी ठरले होते. रीतीप्रमाणे मुलीकडे घोडे जायचे होते. पण मागे एका व्याह्याने दिलेल्या घोड्यांबरोबर जंतही आले आणि मामाचा सगळा कळप हडकला. तेव्हापासून मामा शहाणा झाला होता. आधी लीद तपासायची, मग घोडे आत घ्यायचे. आणि बाकी कोणतेही आणा, पण रारा हवीच, असा त्याचा निरोप होता.

राराला लांगाच्या बायकोने भाताची पेज पाजून वाढवले होते. बायको गेली, रारा राहिली. बायको मामाचीच बहीण, तेव्हा नाही म्हणायला तोंड नव्हते. पण लांगा दिवसभर बोलायचा तो राराशीच. ती जाणार म्हटल्यापासून तो तिच्याजवळून हलत नव्हता.

"जमिनीवर पडायच्या आत झेला हं बाबा," जनावरांची डॉक्टरीण यूली पिशवी देत म्हणाली. "गरम पाहिजे."

"तुमच्यासमोर लाजतेय ती. मारांबा, बाईंना ओट्यावर ने, पान-सुपारी दे."

पान नाकारणे म्हणजे घराचा अपमान, म्हणून यूली निमूट गेली. लांगा तडक शेजाऱ्याच्या शिंगरामागे गेला. पोट नगाऱ्याएवढे, दिसेल त्या खांबाला शेपूट घासणारे. त्याने मात्र मागताक्षणी लीद दिली.

निकाल आला तेव्हा दोन्हीकडची माणसे मामाच्या ओट्यावर बसली होती.

"रारा जंतांनी गच्च भरलीय," यूली म्हणाली.

"अरेरे," लांगा शक्य तितक्या दुःखाने म्हणाला. "मग दुसरी घोडी देतो."

"दुसरी कशी? सगळे एकाच कुरणात चरतात ना? सगळ्यांना औषध द्यायचं, पुन्हा तपासायचं. तोवर एकही घोडा हलवायचा नाही."

"आणि लग्न?" मारांबाने विचारले.

"सुगीनंतर बघू," मामा म्हणाला.

मारांबा नुसता खाली बघत बसला. ते लांगाला बघवेना.

"ती लीद राराची नव्हती," तो म्हणाला. "शेजारच्या शिंगराची होती."

मामा तोंडातले पान चघळायचा थांबला. "दाजी, या वयात लीद चोरायला लागलात?"

"तुमच्या बहिणीची शेवटची खूण आहे ती. ती गेली की मी बोलू कुणाशी?"

थोरांच्या बैठकीत मुलीने येऊ नये. तरी आत मागावर बसलेली इपू उठून दारात आली.

"आतोबा, रारा मी मागायला लावली. सासरी घोड्यावरून यायचं असतं ना? मग आत्याची घोडी सोडून कुणावर बसू?"

"म्हणजे रारा परत येणार?"

"मला घेऊन."

"अहो, मग आधी सांगायचं नाही का?" लांगा मामावर उखडला.

"घोडे दारात येण्याआधी परतीचं बोलत नाहीत, दाजी. तुम्हाला रीत शिकवू का आता?"

लांगाने डोळे पुसले. बराच वेळ पुसले. मग यूलीपुढे हात केला.

"पिशवी द्या एक," तो म्हणाला. "या खेपेला खरी आणतो."