दृष्टिभ्रम झालेला इसम

नागपूरचा मे महिना, डांबर चपलेला चिकटतंय, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि अशा वेळी सदरच्या बाजारातून एक माणूस रेनकोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून चाललाय. असं दिसलं की समजायचं, सकाळी रेडिओवर 'हवामान कोरडे राहील' असं सांगितलेलं आहे. तो माणूस म्हणजे आमचे शेजारी नत्थूजी.

"सरकार म्हणते कोरडं राहीन," मला भर उन्हात थांबवून ते सांगायचे, "म्हणजे येतेच पाहा आता." पाणी कुठलं यायला! पण घरी पोचेपर्यंत स्वारी घामानं इतकी निथळायची की रेनकोट आतून पिळावा लागे. त्यावर नत्थूजी म्हणणार, "पाहा वैनी, कोरडं कुठं राहिलं?" आता या माणसाशी काय डोंबल भांडायचं!

सदरमध्ये त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. घर आमच्या घराला लागून, गच्चीला गच्ची. बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन गोंदियाला. घरात एकटेच. सरकारनं सांगितलेली एकही गोष्ट ते मानत नसत. रेडिओच्या वेळेवर घड्याळ लावायचे नाहीत, आमच्या भिंतीवरून डोकावून मला विचारायचे. रेशनच्या दुकानावर 'उद्या साखर मिळेल' अशी पाटी लागली की नत्थूजी हटकून घरी बसत. एकदा साखर खरोखरच आली. सगळी गल्ली पिशव्या भरून आली आणि हे महिनाभर गुळाचा चहा प्यायले, तोही मिटक्या मारत.

दुकानात काउंटरवर दोन वर्तमानपत्रं शेजारी शेजारी पसरलेली, एक मराठी, एक हिंदी. हातात भिंग. सरकारचं निवेदन आलं की दोन्हीकडचं ताडून पाहायचं. "हे म्हणते रस्ता झाला, ते म्हणते होईन. खुलासा पाहिजे!" खुलासा हा त्यांचा लाडका शब्द. दूधवाल्याकडून खुलासा, पोस्टमनकडून खुलासा. माझ्याकडं पाहुणे आले आणि वरणाला फोडणीचा वास नाही आला, तर माझ्याकडूनसुद्धा खुलासा.

पण हा माणूस जन्मापासून असा नव्हता हो. आधी तर सरकारवर त्यांचा आंधळा भरवसा. कारण त्यांच्या लेखी सरकार म्हणजे शामराव.

शामराव त्यांचा बालमित्र. पत्रकं काढणाऱ्या एका सरकारी कचेरीत नोकरीला. वरून इंग्रजीत मजकूर यायचा, शामराव त्याचं मराठी करायचे आणि ते पेपरांना जायचं. रोज संध्याकाळी सायकल नत्थूजींच्या दारात, मग चहा, मग गच्चीवर गप्पा. "आमच्या शाम्यानं लिवलं म्हणजे खरंच असते," असं नत्थूजी छाती फुगवून सांगत.

मग ती संध्याकाळ आली. उन्हाळ्यात आमच्याकडं दिवस कलला की गच्चीवर पाणी शिंपायचं, तापलेली फरशी निववायची आणि खाटा टाकायच्या. नत्थूजी आणि शामराव बादल्या घेऊन तेच करत होते. मी माझ्या गच्चीवर वाळलेल्या कुरडया गोळा करत होते. एकदम नत्थूजी ओरडले, "शाम्या, ते पाह्य गा!" शामरावांच्या हातातली बादली धाडकन पडली. "अरे बाप रे," ते म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मान वर करून पाहते तो आकाश रिकामं. दोघांचं म्हणणं, हुडकेश्वरच्या बाजूला, तिकडं तेव्हा नुसती वावरं होती, एक तांबूस गोल उजेड थांबला, आडवा सरकला आणि सरळ वर निघून गेला. दुसऱ्या जगातून कोणी पाहुणं आलं असेल तर ते येऊन गेलं, आणि मी कुरडया वेचत राहिले. आमचं नशीबच तसलं.

दुसऱ्या दिवशी शहरभर उडत्या तबकडीची बोंब. आणखी दहा जणांनी पाहिली होती, बघता बघता ते शंभर झाले. मग सरकार रेडिओवरून बोललं. पहिल्यांदा म्हणालं, हवा तपासायला सोडलेला फुगा होता. चार दिवसांनी म्हणालं, तो शुक्राचा तारा होता.

"फुगा होता तर शुक्र काहून म्हणता?" नत्थूजी दुकानात भिंग आपटत विचारत. "अन् शुक्र होता तर त्याले दोरी कोणं बांधली?" गिऱ्हाईक बिचारं नाकावरचा चष्मा सावरत बसायचं. तरी नत्थूजींना खात्री होती. शाम्या तिथंच आहे ना, त्यानं तर डोळ्यांनी पाहिलं आहे. तो बरोबर लिहील.

आणि एका सकाळी हिंदी पेपरात मोठ्ठा मथळा आला: 'उड़नतश्तरी पर सरकार का खुलासा'.

आता आम्ही नागपूरचे लोक दोन भाषा एकाच ताटात जेवतो, आणि कधी कधी घास घशात अडकतो तो असा. पेपरातल्या हिंदीत खुलासा झाला म्हणजे लपलेलं बाहेर आलं. नत्थूजींनी तेवढा मथळाच वाचला. सरकारनं कबूल केलं! चष्मा डोक्यावर, सदरा उलटा, धावत जाऊन संत्रा बर्फी आणली आणि सगळ्या गल्लीत वाटली. "घ्या वैनी, तोंड गोड करा! शाम्यानं इज्जत राखली!" मी बर्फी तोंडात टाकली आणि आमच्या घरचा मराठी पेपर उघडला. तिथंही 'खुलासा'च होता. पण आपल्या मराठीत सरकारनं खुलासा केला म्हणजे झालेलं निस्तरलं. खाली लिहिलं होतं: 'सदर दिवशी आकाशात कोणतीही वस्तू आढळून आलेली नाही. काही इसमांना दृष्टिभ्रम झाला असावा.'

मी तो पेपर लपवायला हवा होता. पण ते भिंतीपलीकडं हात पुढं करून उभे, काय करणार? नत्थूजींनी वाचलं. पुन्हा वाचलं. मराठी कुणाचं आहे हे त्यांना सांगायची गरजच नव्हती. ते अक्षर अन् अक्षर ओळखत होते.

"वैनी," ते अगदी हळू म्हणाले, "मी इसम काहून झालो गा?"

बाईमाणसाला 'गा' म्हणत नाहीत. तो प्रश्न मला नव्हताच.

पुढं जे व्हायचं तेच झालं. बाकीचे शंभर जण 'आम्ही कुठं काय पाहिलं' म्हणत मागं सरले, उरले एकटे नत्थूजी. दृष्टिभ्रम झालेला चष्मेवाला! गल्लीला चघळायला मिळालं. पोरं दुकानापुढून 'ओ इसम!' म्हणून पळायची. गिऱ्हाइकं दाराशी घुटमळून पुढच्या दुकानात जायची. शामराव एकदा सायकल घेऊन आले, कोपऱ्यापर्यंत आले, आणि वळून गेले. वरून आलेला मजकूर होता, घरात तीन मुली लग्नाच्या होत्या. माणसानं काय करावं? पण एवढं येऊन सांगावं तरी की नाही? नाही आले. नत्थूजींचा चहा एकट्याचा झाला, आणि सरकारशी वैर सुरू झालं ते असं. मला तर तेव्हाच कळलं होतं, हे सरकारवरचं रागावणं नाही. हा मित्रावरचा रुसवा आहे.

एक गोष्ट मात्र कधी झाली नाही. "तुमच्याबरोबर अजून कोण होतं?" असं कुणीही विचारलं की नत्थूजी म्हणत, "होता एक." पुढं शब्द नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, नाव सांगून टाका की! मी साक्ष देते." तर माझ्यावरच खेकसले, "त्याची नोकरी तुमी देसान काय? उद्या लेखी खुलासा मागतीन त्याले!" आणि मग दाराबाहेर बघत पुटपुटले, "लकडगंजच्या कोण्या गाढवानं चष्मा देला त्याले. मान वाकडी करून चालते शाम्या. नंबर चुकला आहे."

बरीच वर्षं गेली. एका दुपारी मी चष्म्याची दांडी बसवून घ्यायला दुकानात बसले होते. हिंदी पेपरचा एक तरतरीत वार्ताहर आला. कुठल्याशा देशाच्या सरकारनं म्हणे तबकड्यांबद्दल एक सांगितलं होतं आणि दुसऱ्या दिवशी फिरवलं होतं. त्यामुळं या पेपरवाल्यांना आमची जुनी तबकडी आठवली. "चाचाजी," तो म्हणाला, "बस दूसरे गवाह का नाम बता दो. पहले पन्ने पर छापूँगा. आपकी बात सच साबित हो जाएगी."

तेवढ्यात दारात कोण उभं? शामराव. केस सगळे पांढरे, चष्म्याची एक काच तडकलेली, हातात छत्री. नोकरीचा शेवटचा महिना चालू होता त्यांचा, पेन्शन अजून हातात यायची होती, गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. वार्ताहराचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं. ते आत आले नाहीत, गेलेही नाहीत. नुसते उभे राहिले. नत्थूजींनी एक बोट उचललं असतं तर एवढ्या वर्षांचं सगळं हसं धुऊन निघालं असतं.

नत्थूजींनी शामरावांकडं पाहिलं. मग त्या पोराकडं वळले.

"कोनी नव्हतं बावा. मी एकलाच होतो," ते म्हणाले. "अन् खरं सांगू काय? फुगाच होता तो."

"लेकिन चाचाजी, आप तो इतने साल..."

"इतने साल झूठ बोला. बुढ्ढा आदमी है. जाओ, धूप में मत घूमो."

वार्ताहर हिरमुसून गेला. शामराव आत आले, काउंटरला धरून उभे राहिले.

"फुगा नव्हता, नत्थू."

"चूप राह्य."

"नाई राहत. मले दिसलं होतं. तुह्या संगं होतो मी. बादली पडली माह्या हातातून." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जणू मीच सरकार. "बाई, दिसलं होतं मले. अन् याच हातानं मी याले इसम लिवलं. त्या दिवसापासून याच्या दारावरून गेलो नाई. लाज वाटे."

नत्थूजींनी काउंटरमागचं स्टूल ओढून पुढं ठेवलं, त्याच्यावरची धूळ स्वतःच्या सदऱ्यानं पुसली.

"बस," ते म्हणाले. "आंधळ्यावानी फिरून राहिला गावभर. नंबर पाहू दे."

शामराव बसले. नत्थूजींनी तो तडकलेला चष्मा काढून घेतला, तपासायची जड फ्रेम त्यांच्या नाकावर बसवली, कानामागं नीट केली. समोर अक्षरांचा तक्ता होता.

"वाच. वरची ओळ."

शामराव वाचू लागले आणि थांबले. काचेच्या आतून पाणी ओघळत होतं. "नाई दिसत गा," ते म्हणाले.

"कसं दिसन? पाणी भरलं ना आतमधी." नत्थूजींनी फ्रेम काढली, आपल्या रुमालानं मित्राचे डोळे पुसले, एक आणि मग दुसरा, लहान मुलाचे पुसावेत तसे. मलाही रडू फुटलं, त्यात लपवायचं काय आहे? मी पदर तोंडाला लावून बसले. फ्रेम पुन्हा चढली.

"आता?"

"धूसर."

नत्थूजींनी काच बदलली. "आता?"

शामरावांनी वाकडी मान हळूहळू सरळ केली. तक्त्याकडं त्यांनी बघितलंच नाही. ते समोर वाकलेल्या नत्थूजींच्या तोंडाकडं बघत होते.

"आता दिसते," ते म्हणाले. "म्हातारा झाला गा तू."