डुलणारी पालखी

मार्गासनीच्या भैरवनाथाच्या पालखीची पुढची दांडी आमच्या घराची, आणि मी जिवंत असेतो ती दुसऱ्याच्या खांद्यावर जाणार नाही, असं मी २००३च्या चैत्रात भर पारावर ठणकावून सांगितलं. पारावर माझा चुलतभाऊ गेनबा बसला होता. सांगितलं त्याच्यासाठीच!

गेनबाही साठीचाच, पण डोंगर असा चढायचा, की शेळ्यांनी त्याला वाट विचारावी. माझा उजवा गुडघा मात्र उतारावर जुन्या दारासारखा कुरकुरायचा. आमच्यात रीत अशी, की थोरल्या घराला पेलेना, तर मान धाकट्या घराकडे. म्हणून गेनबा बोलताना माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघायचा.

"दादा, लंगडताय जणू?"

"चप्पल नवी हाय."

"दिवाळीपासनं नवीच हाय व्हय?"

मी गुपचूप एसटीनं भोर गाठलं. डॉक्टर निलोफरनी मला चालायला लावलं, मांड्या दाबून पाहिल्या.

"काका, गुडघा झिजलाय. दुखतो म्हणून तुम्ही त्या पायावर भार टाकत नाही, म्हणून मांडी वाळलीय. मांडीत जोर नाही, म्हणून गुडघ्यावर ताण वाढतो. तो चुकवायला तुम्ही दर पावलाला उजवीकडे झुकता."

"गेनबाची मांडी कशी असंल?"

"कोण गेनबा?"

"कोन न्हाई!"

त्यांनी व्यायाम शिकवले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, पाय सरळ ठेवून उचलायचा, हात न टेकता खुर्चीतून उठायचं. जोर यायला महिने लागतील म्हणाल्या. आणि जत्रा आली होती दोन दिवसांवर!

पालखी उचलली. देवळापुढं उतार आहे. मी उजवीकडे झुकलो, पालखी उजवीकडे झुकली. पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकायची रीत, त्यामुळे मागचे कुंडलिक आणि ज्ञानूही झुकले. गेनबा खांद्यावर टॉवेल टाकून कडेनं चालत होता.

"द्या हिकडं, दादा! पडचाल!"

मी दात आवळले. तेवढ्यात म्हातारी चंद्राबाई ओरडली, "आगं बया! देव डुलतुया! नाथ खूश झालं!"

गुलाल उधळला. ढोलवाल्यांनी माझ्या लंगडण्याचा ठेका धरला. बायाबापड्या पाया पडल्या, त्यातली एक तर गेनबाची बायको! गेनबाचा चेहरा असा पडला, की माझा गुडघा तेवढ्यापुरता दुखायचाच थांबला.

त्या साली भातही बरं पिकलं. श्रेय पालखी डुलण्याला! मी इतका चढलो, की वर्षभर नेमानं व्यायाम केला. बायको रतनबाई म्हणायची, "अवं, टॉवेल सोडा की, पोरं आंघोळीची थांबल्यात!" पण मला डोंगरावर गेनबाच्या पुढं जायचं होतं. मांडी भरली. चाल सरळ झाली.

पुढच्या चैत्रात मी दांडी उचलली आणि ताठ निघालो. पालखी पाण्यानं भरलेल्या घागरीसारखी, जराही न हिंदकळता चालली. ढोल चाचरले.

"आवं, नाथ रुसलं!" चंद्राबाई कळवळली.

मी घाबरून लंगडायला गेलो, ते नेमकं डाव्या पायानं! कुंडलिक ज्ञानूवर आदळला. देव पडता पडता वाचला.

"आरं, धरा कुनीतरी!"

गेनबा पुढं आला. तेव्हा मला दिसलं, की तो झुकत येतोय! भातलावणीच्या चिखलापासून त्याचा गुडघा दुखत होता आणि त्यानं ते माझ्यापासून लपवलं होतं. त्यानं दांडी घेतली. पालखी काय डुलली म्हणता! माझ्यापेक्षा झोकात! दांडी त्याच्याकडेच राहिली.

मला चैन पडेना. आठवड्यानं टॉवेल काखेत मारून मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या अंगणात आडवा पडलो, पाय सरळ उचलून दाखवला.

"गेनबा, हे असं रोज कर. मांडीत जोर येतुया. एकदम बरा हुशील!"

गेनबानं चहा फुर्रकन ओढला.

"खुळा हाय व्हय म्या? बरा झालो, तर मान ऱ्हाईल का?" मग माझ्या पायाकडे बघून म्हणाला, "तुमचा गुडगा मातुर लई झ्याक झालाय, दादा. जपा त्याला!"

टॉवेल झटकून मी घरी निघालो. वाट सगळी उताराची. पण गुडघा एकदाही दुखला नाही, मेला!