सुगरणीची चौथी प्रत

एका जंगलात, बाळांनो, एक नदी होती आणि नदीवर पूल नव्हता. कोणाचे काही अडत नव्हते. मग सिंहमहाराजांच्या लेकीचे लग्न ठरले. वऱ्हाड पलीकडच्या काठावरून यायचे होते.

महाराजांनी साळिंदरतात्यांना बोलावले. तात्या जंगलाचे दप्तर सांभाळत.

"आठ दिवसांत पूल हवा," महाराज म्हणाले. "नाहीतर वऱ्हाडात जितकी डोकी येतील, तितके तुमचे काटे उपटू."

या वयात उपटलेले काटे पुन्हा उगवतील, याची तात्यांना खात्री नव्हती. पण आपल्या पद्धतीवर त्यांचा भरवसा होता. मोठ्या कामाचा आराखडा ते एका पानावर कधीच लिहीत नसत. ज्याचे काम त्याने आपल्या ताडपत्रावर लिहायचे. सुधारणा केली की नवी प्रत काढायची, तिला क्रमांक द्यायचा आणि वडाच्या ढोलीत ठेवायची. तात्यांच्या मुख्य पानावर फक्त 'दोर : सुगरणीची सातवी प्रत पाहा' एवढेच. सुगरणीच्या सातव्या प्रतीत 'गाठी : कोळ्याची बारावी प्रत पाहा'. दुसऱ्याची प्रत वाचणे त्या जंगलात असभ्यपणाचे समजत. क्रमांक तेवढा बघायचा; काम करणाऱ्याने एका वेळी एकच ओळ बघून तेवढीच पाळायची.

माकडे कामाला लागली आणि तासाभरात परत आली. ढोलीत कोळ्याच्या अकराच प्रती होत्या.

तात्या धापा टाकत सुगरणीच्या घरट्याकडे गेले. तिने विणणे न थांबवता सांगितले, की बारावी प्रत कोळीमामाने तिला स्वतः दाखवली होती आणि ती झकास होती. ढोलीत ठेवायची राहिली असेल. मामा आता कात टाकायला कुठल्याशा फटीत जाऊन बसलाय, ती फट कोणती हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही.

"मग अकरावीवर भागेल का गं?"

"ते मामाला विचारा, तात्या. माझ्या सातवीला बारावीच लागते. मी क्रमांक बरोबर लिहिलाय."

तात्यांनी ढोली उपसली. सुगरणीच्या पाचव्या आणि सहाव्या प्रतीला वाळवी लागली होती. चौथी मात्र धडधाकट होती. तिला कोळ्याची तिसरी प्रत लागत होती, आणि तिसरी जागेवर होती. तात्यांनी मुख्य पानावरचा सात खोडून चार केला. सगळे क्रमांक जुळले. त्यांचे काटे आपोआप खाली बसले.

"तात्या, आधी एकदा सगळे वाचून बघू का?" एका माकडाने विचारले.

"लोकांची पाने वाचायची सवय बरी नव्हे."

माकडांनी पानाबरहुकूम काम केले. लग्नाच्या सकाळी बघतात तो नदीवर झुकलेल्या जांभळाच्या फांदीला शंभर हात लांबीचे घरटे लटकत होते. तोंड खाली. चौथी प्रत सुगरणीने पिल्लांच्या वेळी, घरट्यासाठी लिहिली होती.

महाराज उद्घाटनाला आले. पूल कसा असतो हे त्यांनी तरी कुठे पाहिले होते? ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि माकडांनी त्यांना खालून ढकलून आत चढवले. त्यांच्या वजनाने घरटे झोका घेत नदीच्या मधोमध गेले आणि परत आले. पुन्हा गेले.

"तात्या," आतून आवाज आला, "याला पूल म्हणतात?"

तात्यांनी पान वाचून दाखवले. दोर चौथ्या प्रतीप्रमाणे, गाठी तिसऱ्याप्रमाणे. सुगरण म्हणाली, घरटे म्हणून यात खोट काढून दाखवा. माकडे म्हणाली, आम्ही एक काडी इकडची तिकडे केली नाही. चूक कोणाचीच निघेना.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून व्याहीबुवांनी विचारले, "महाराज, हे काय आहे?"

तात्यांनी वऱ्हाडाची डोकी मोजायला सुरुवात केली. चाळीसपर्यंत आले.

"झुलता मंडप," महाराज आतून म्हणाले. "आमच्याकडे अशीच पद्धत आहे."

व्याही चाट पडले. वऱ्हाड पोहत आले, मुहूर्त साधला, नवरानवरी झोके घेत बोहल्यावर उभी राहिली. तात्यांना मानाचा नारळ मिळाला.

पुढच्या आठवड्यात कोळीमामा बारावी प्रत घेऊन हजर झाला. तिच्यात पुलाच्या गाठी अगदी उत्तम होत्या. पण तोवर शेजारच्या तीन जंगलांतून चौथ्या प्रतीला मागणी आली होती.

तात्पर्य : ज्याने त्याने आपले काम चोख करावे आणि दुसऱ्याच्या पानात डोकावू नये. मग नदी पोहून ओलांडावी लागली, तरी दोष कोणालाच लागत नाही.