येसूने पाहिलेली उल्का

एका जंगलात, बाळांनो, येसू नावाची साळू राहत होती. साळू म्हणजे अंगभर काटे असलेलं साळिंदर. जंगल आपल्यासारखंच होतं. तिथे राजा होता, प्रधान होता, आणि दोघांच्या सत्कारांना वर्ष पुरत नव्हतं.

त्या संध्याकाळीही वाघमहाराजांचा सत्कार होता. सगळे प्राणी मांडवात बसले होते. येसूची पिल्लं लहान, म्हणून ती घरी राहिली आणि बिळाबाहेर कंद उकरू लागली.

एकाएकी रान उजळलं. एक हिरवागार पेटता गोळा आभाळ चिरत गेला आणि डोंगरापलीकडे फुटला. मागाहून गडगडाट झाला. येसूचे काटे उभे राहिले, पण भीतीने नव्हे. इतकं सुंदर काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

मांडवाला छप्पर होतं. आत कोणालाच काही दिसलं नाही. गडगडाट ऐकू आला, तो टाळ्यांचाच असावा असं महाराजांना वाटलं.

सकाळी पाणवठ्यावर येसूने सगळं हौसेने सांगितलं. बातमी कोल्हेप्रधानांच्या कानी गेली. त्यांनी लगेच जाहीर केलं, की महाराजांच्या सत्काराला आभाळातून सोनेरी उल्का आली होती. दुपारपर्यंत ती सगळ्या जंगलाने पाहिली होती. घुबडाला तर तिच्यावर पट्टेही दिसले होते.

येसू भाबडी. ती दरबारात जाऊन म्हणाली, उल्का हिरवी होती. प्रधानांनी तिच्या शेजारच्या सोनबा सशाला साक्षीला बोलावलं. त्याने तिच्याकडे न बघता सोनेरी सांगितलं. येसूला पाणवठा बंद झाला.

पिल्लं तहानेने कासावीस झाली. सोनबा बिळाशी येऊन हळूच म्हणाला, "येसूताई, रंगाचं काय एवढं? पोरांकडे बघ."

येसूने पोरांकडे बघितलं. मग ती दरबारात गेली आणि खाली मान घालून म्हणाली, "महाराज, उल्का सोनेरीच होती."

कोल्ह्याने विचारलं, "मग आधी हिरवी म्हणालीस, ते खोटं?"

"हो."

"म्हणजे खोटं बोललीस, हे तूच कबूल केलंस."

खोटं बोलणाऱ्यांना त्या जंगलात थारा नव्हता. येसू पिल्लांना घेऊन हद्दीबाहेर निघाली. तिच्या बिळात सोनबा राहायला गेला. बीळ चांगलं ऐसपैस होतं.

तात्पर्य : बाळांनो, खोटं बोलावं, पण पहिल्याच दिवशी आणि सगळ्यांबरोबर. उशिरा आणि एकट्याने बोललेलं खोटं तेवढं पकडलं जातं.